अण्णांच्या नावावरची रेघ

वहिनींचा फोन आला तेव्हा मी सलूनच्या खुर्चीत होतो. एका गालाची दाढी झाली होती, दुसऱ्यावर फेस तसाच होता. "भावजी, जरा येता का? ह्ये उठंनात हो." एवढंच म्हणाल्या आणि फोन चालूच ठेवून कुणाला तरी हाक मारायला गेल्या. टॉवेलने तोंड पुसून मी तसाच पळालो. पुणतांब्यात एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला असा कितीसा वेळ लागतो... पण मी पोचलो तेव्हा गावातले डॉक्टर स्टेथोस्कोप गुंडाळून पिशवीत ठेवत होते. अण्णा कॉटवर कुशीवर होते, दुपारी झोपायचे तसेच, एक हात उशीखाली. त्या दिवशी घरभर माणसं होती आणि मी त्यांच्यात अर्ध्या दाढीने वावरत होतो. कुणीतरी म्हणालं, बघा, सख्ख्या भावासारखं लागलंय याला. तेव्हा मला लाज वाटली. ती दाढीची नव्हती.

काशिनाथ अण्णा नात्याने माझे कुणी नव्हते, वयाने बरेच मोठे. त्यांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात, कालव्याच्या काठाने सायकलवर गेली. पट्टीवर पाणी कुठवर आलंय ते बघायचं, वहीत लिहायचं, आणि मग कुणी कितीही मोठा बागायतदार येऊन चहा पाजायला लागला तरी लिहिलेलं खोडायचं नाही. निवृत्तीनंतर कालवा सुटला, वहीची सवय सुटली नाही. नव्या वहीत ते वाचलेली पुस्तकं लिहू लागले. पाडव्याला नवं पान, ते पुढच्या पाडव्यापर्यंत. पुस्तकाचं नाव, लेखक, कधी धरलं, कधी संपलं आणि शेवटी शेरा. हे शेरे बघण्यासारखे असत. 'शेवट उरकला आहे.' 'लेखक उसाच्या फडात कधी गेलेला दिसत नाही.' 'चांगले, पण उन्हाळ्यात वाचू नये.' अर्ध्यात सोडलेलं पुस्तकही ते लिहीत आणि त्यापुढे दोनपैकी एक शेरा असे, 'सोडले, दोष पुस्तकाचा' नाहीतर 'सोडले, दोष माझा'. दुसरा शेरा लिहिताना त्यांना कसलाच कमीपणा वाटत नसे. माणूस तसा तिरसट. बोलणाऱ्याला मध्येच तोडायचे, लोकांच्या तारखा दुरुस्त करायचे, लग्नाच्या पंगतीत बसून पत्रिकेतल्या चुका सांगायचे. पण स्वतःलाही त्याच पट्टीने मोजायचे, त्यामुळे त्यांचा राग फार वेळ धरता येत नसे.

आमच्या वाचनालयात पाडव्यानंतरच्या रविवारी 'हजेरी' असते. ही प्रथा अण्णांचीच. ज्यांना वाचायची आवड आहे त्यांनी आपली वर्षाची वही घेऊन यायचं, उभं राहून त्यातली नावं वाचायची, आणि बसलेल्यांपैकी कुणीही कुठल्याही पुस्तकावर एक प्रश्न विचारायचा. उत्तर देता आलं नाही तर सगळ्यांदेखत त्या पुस्तकावर रेघ मारायची. कुणी रागवायचं नाही असा नियम होता आणि दरवर्षी कुणीतरी रागवायचंच. एका निवृत्त मुख्याध्यापकांना अण्णांनी एका चरित्रावरून असं धरलं, की ते गृहस्थ पुढे कित्येक महिने वाचनालयासमोरून न जाता मागच्या गल्लीने जात. मी तेव्हा बसस्टँडवर वाहतूक नियंत्रक होतो, माइकवरून गाड्या पुकारायचो. वाचायची हौस होती, पण त्याहून जास्त हौस लोकांनी मला वाचणारा म्हणावं याची होती. पहिल्याच हजेरीला माझ्या वहीत हिमालयातलं एक प्रवासवर्णन होतं. त्यातले फोटो मी अगदी मन लावून बघितले होते. अण्णांनी विचारलं, "परतीच्या वाटेवर त्यांच्या खेचराचं काय झालं रे?" मी म्हणालो, विकलं. हशा झाला आणि मी रेघ मारली. बाहेर चपला शोधत होतो तर मागून खांद्यावर हात पडला. "खेचर मेलं, बाबा. उद्या घरी ये, पुस्तक माझ्याकडं हाय. आता नीट वाच."

असा मी त्यांच्या घरचा झालो. पुढे साखरेने अण्णांच्या डोळ्यांचे पडदे खराब केले. नगरला लेझर झालं, इंजेक्शनं झाली, पण छापलेलं अक्षर गेलं ते गेलंच. माणूस ओळखू यायचा, दार दिसायचं, ओळ दिसत नव्हती. मी नुकताच निवृत्त झालो होतो. "तुझा आवाज इतकी वर्षं स्टँडवर वाया गेला," अण्णा म्हणाले. "आता मला वाचून दाखव." मग रोज संध्याकाळी त्यांच्या पुढच्या खोलीत आम्ही बसायला लागलो, ते कॉटवर, मी खिडकीशी. पहिलं पुस्तक संपलं आणि मी वही उघडली, तर म्हणाले, राहू दे, हे काय मी वाचलं नाही, तू वाचलंस. त्यावर त्यांची आणि वहिनींची चांगलीच जुंपली. वहिनी पोळ्या लाटता लाटता आतून म्हणाल्या, "जेवान कुनीबी वाढलं तरी जातंय तुमच्याच पोटात न्हवं? मग लिवा की." अण्णांनी वही माझ्याकडे सरकवली. वहिनींपुढे ते क्वचितच हरत, त्या दिवशी हरले. वहीत एक नवा रकाना आला, वाचून दाखवणाऱ्याचा. त्यात प्रत्येक ओळीला माझं नाव, माझ्याच अक्षरात. मला तेव्हा कोण मान वाटला होता!

पानं गाळायला मी केव्हा लागलो ते नेमकं सांगता येणार नाही. पहिल्यांदा अण्णांचा डोळा लागला होता, मी मनातल्या मनात पुढे वाचत गेलो आणि ते जागे झाल्यावर मागे न येता तिथूनच मोठ्याने वाचायला लागलो. त्यांना काही कळलं नाही. मग एखादं निसर्गवर्णन, मग एखादं लांबलेलं भाषण, मग दोन-दोन पानं. मला घरी काही काम नव्हतं. पण जन्मभर गाड्या वेळेवर सोडल्या होत्या, एखादं प्रकरण फलाटावर रेंगाळलेल्या गाडीसारखं थांबून राहिलं की माझा पाय हलायला लागे. आणि मला ते जमायचं, हे सगळ्यात वाईट. एका परिच्छेदाचं शेपूट पुढच्याच्या तोंडात असं बसवायचो की जोड कळू नये. मध्ये लागलं तर एखादं वाक्य स्वतःचंही घालायचो. पुस्तक संपल्यावर अण्णा शेरा सांगायचे, 'गोष्ट कुठे रेंगाळत नाही', तो मी लिहून घ्यायचो आणि मनात म्हणायचो, अण्णा, हे श्रेय लेखकाचं नाही, माझं आहे. आज ते आठवलं की कानशिलं गरम होतात.

त्या वर्षी आम्ही धरणाखाली गेलेल्या एका गावावरची मोठी कादंबरी वाचली. नाव मुद्दाम लिहीत नाही, लेखकाचा यात काही दोष नाही. तिच्यात एक लांबलचक प्रकरण होतं, साखळ्या, खुंट, गट नंबर, कोणाची किती जमीन पाण्यात जाणार याची मोजणी. मी पुढची पानं चाळून पाहिली, मोजणी काही संपेना. अण्णांनी जन्मभर हेच केलंय, त्यांना पुन्हा तेच कशाला, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मलाच कंटाळा आला होता. ते प्रकरण मी सगळंच्या सगळं सोडलं आणि पुढेही त्याचा जिथे जिथे उल्लेख आला तो सफाईने उडवत गेलो. अण्णांना कादंबरी आवडली. शेरा दिला, 'गाव डोळ्यांपुढे उभे राहते. सरकारी माणूस मात्र एकही नीट नाही.'

पाडव्यानंतरच्या हजेरीला अण्णांची वही मीच वाचली. ते शेजारी खुर्चीत बसले होते, धुतलेला सदरा, हातात काठी. तांबे मॅडम म्हणून आमच्या गावच्या शाळेतल्या तरुण शिक्षिका आहेत, अण्णांच्या लाडक्या. त्यांनी कौतुकाने विचारलं, "अण्णा, त्या कादंबरीतला मोजणी कारकून कसा वाटला तुम्हाला? मला तर वाचताना सारखे तुम्हीच आठवत होतात."

"कोण मोजणी कारकून?"

"खोटी मोजणी लिहायला नकार देतो तो. सायकलवरून फिरतो बघा, रजिस्टर काखेत धरून."

"असा कुणी न्हाई त्यात," अण्णा ठामपणे म्हणाले. "मॅडम, तुम्ही दुसऱ्या पुस्तकात शिरलात."

लोक हसले, मॅडमसुद्धा हसल्या. पण नियम म्हणजे नियम, वाद पडला की पुस्तक उघडून बघायचं. कपाटातून पुस्तक काढलं गेलं. मॅडमनी पान शोधलं आणि वाचायला लागल्या. तो कारकून बांधावर बसून भाकरी खात होता, लोक त्याला घेरून उभे होते, आणि तो म्हणत होता की पट्टी जे सांगते तेच मी लिहिणार... अण्णा मान थोडी पुढे काढून ऐकत होते. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मग जमिनीकडे. मॅडम थांबल्यावर अण्णा माझ्याकडे वळले. आवाज एकदम हळू. "रमेश, हे वाचलं होतं आपण?"

मला एकच शब्द बोलायचा होता. 'नाही' म्हणालो असतो तर काय झालं असतं? लोक हसले असते, अण्णांनी चार माणसांत माझी खरडपट्टी काढली असती, आठवडाभर दार उघडलं नसतं आणि मग उघडलं असतं. हे सगळं मला त्या क्षणीसुद्धा कळत होतं. मी म्हणालो, "हो अण्णा. वाचलं होतं."

ते थोडा वेळ काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत बसले. मग म्हणाले, "मार रेघ."

मॅडम कळवळल्या, "अण्णा, असू द्या हो, एखादं विसरतं माणूस..."

"सायकलवरचा कारकून मी विसरलो, मॅडम. मी! नियम कुनी केला? मार रे रेघ. पुढं लिही, दोष माझा."

मी खिशातलं पेन काढलं आणि रेघ मारली. त्यांच्या नावावर, माझ्या अक्षरात 'दोष माझा' लिहिलं. रेघ अगदी सरळ आली.

त्यानंतरचे अण्णा वेगळेच. पुढच्या आठवड्यात त्यांचा मुलगा पुण्याहून आला आणि त्यांना नगरला डॉक्टरांकडे घेऊन गेला. तपासण्यांत विशेष काही निघालं नाही, वयोमानानुसार आहे म्हणाले, स्मरणशक्तीच्या गोळ्या दिल्या. अण्णा त्या गोळ्या शिस्तीने घेत राहिले. पण लोकांना दुरुस्त करणं त्यांनी सोडून दिलं. समोर कुणी धडधडीत चुकीची तारीख सांगितली तरी ऐकून घ्यायचे, "असंल बाबा, मला काय आता नक्की सांगता येत न्हाई." गॅस बंद केला का, दाराला कडी घातली का, हे वहिनींना दोन-दोनदा बघायला लावायचे. इतकी वर्षं सांभाळलेलं वाचनालयाचं सचिवपद सोडलं. संध्याकाळचं वाचन चालू होतं, मी आता एकही ओळ सोडत नव्हतो, मुद्रणदोषांसकट सगळं वाचायचो. पण ते पूर्वीसारखे ऐकत नसत. मध्येच विचारायचे, "हे मागं येऊन गेलंय का?" नाही म्हटलं तरी त्यांचा विश्वास बसत नसे, माझ्यावर नव्हे, स्वतःवर. आणि नोंद बंद झाली. "वाच, पण लिहू नकोस," म्हणाले. "ज्याच्या डोक्यात ऱ्हात न्हाई त्यानं वाचलं म्हनू नये." पुढच्या पाडव्याला नवं पान उघडलं गेलं नाही.

मी सांगायचा प्रयत्न केला का? एकदा केला, असं म्हणता येईल. हिवाळ्यात आम्ही गोदावरीच्या घाटावर ऊन खात बसलो होतो. मी म्हणालो, "अण्णा, त्या कादंबरीचं तेवढं मनावर घेऊ नका, त्यात माझंही..." त्यांनी हात वर केला. "मला धीर देऊ नकोस. कालव्याला भगदाड पडतंय ते आधी बारीकच असतंय." मी पुढचं वाक्य गिळलं. घरी येताना मनाची समजूत घातली की मी सांगत होतो, त्यांनीच ऐकलं नाही. किती दिवस या समजुतीवर काढले! अर्धं वाक्य म्हणजे सांगणं नव्हे हे न कळण्याइतका मी काही लहान नाही.

ते गेल्यावर वाचनालयात शोकसभा झाली. जो तो उठून त्यांच्या स्मरणशक्तीच्या गोष्टी सांगत होता, आणि प्रत्येकाच्या शेवटी एकच वाक्य, शेवटी शेवटी मात्र विसरायला लागले होते बिचारे. 'बिचारे' हा शब्द अण्णांना कुणी ते हयात असताना तोंडावर म्हणून दाखवायला हवा होता. मी पुढच्या रांगेत बसून मान हलवत होतो. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी त्यांच्या शिस्तीबद्दल बोललो. आवाज चांगला लागला. उतरल्यावर दोघातिघांनी हात हातात घेतला. वर्तमानपत्राच्या ह्या पुरवणीच्या संपादकांनीही त्या भाषणाबद्दल ऐकूनच मला लिहायला सांगितलं.

लिहिण्याआधी वहिनींना भेटायला गेलो. त्या गव्हातले खडे काढत बसल्या होत्या. एरवी फार बोलत नाहीत, त्या दिवशी आपण होऊन बोलल्या. "बरं झालं म्हनायचं, भावजी. झोपंत गेले. त्यांना लई भ्या हुतं हो. मला म्हनायचे, उद्या तुला वळखलं न्हाई तर वाईट वाटून घिऊ नगं, नुसता आवाज दे, आवाजानं कळंल मला. आन् रोज सकाळी उठल्यावर माझं नाव घ्यायचे. मोट्यानं. याद ऱ्हातंय का बघायला. लग्नात उखान्यात घेतलं हुतं, त्याच्यानंतर आत्ता." असं म्हणून त्या हसल्या, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला. मला वाटलं होतं मी अण्णांची एक नोंद बुडवली. माणूस इतका भिऊन जगला हे मला माहीतच नव्हतं... रोज संध्याकाळी त्यांच्यासमोर दोन हातांवर बसत होतो आणि मला माहीत नव्हतं. तेव्हाही मी वहिनींना काही बोललो नाही. सूप पुढे ओढलं आणि त्यांच्याबरोबर खडे काढत बसलो.

निघताना त्यांनीच विषय काढला. "तुमी ह्यांच्यावर लिवनार हाय म्हनं पेपरात. छापून आलं की इथं यून वाचून दाखवा. मला ते बारीक अक्षर कुठलं दिसायला. आन् ह्या घराला तुमच्या वाचन्याची सवय झालीय." मी हो म्हणालो. तोंडाने सांगायचं धाडस मला काही झालेलं नाही, हे वाचकांच्या लक्षात आलंच असेल. छापून आलेलं मात्र मला वाचता येतं, आयुष्यभर समोर लिहिलेलंच पुकारत आलो. संपादकांना तेवढं विनवलंय की जागा कमी पडली तर सुरुवात कापा, शेवट कापा, मधलं काही काढू नका.

तर रविवारी संध्याकाळी मी जाईन आणि खिडकीशी बसेन. कॉट रिकामी असेल, वहिनी उंबऱ्यापाशी बसतील. सायकल, शेरे, खेचर, तिथपर्यंत त्यांना बरं वाटेल, हसतीलही. पुढे कुठल्या वाक्यावरून कुठल्या वाक्यावर उडी घेतली की जोड कळणार नाही, ते मला आत्ता लिहितानाही दिसतंय. पोळ्या लाटणाऱ्या वहिनींवरून थेट घाटावरच्या उन्हात जाता येतं, लेख छान जुळतो. पण तसं करणार नाही. प्रत्येक ओळ वाचत इथवर येईन आणि ही ओळही वाचेन... वहिनी, अण्णा काही विसरले नव्हते. ती पानं मी त्यांना वाचून दाखवलीच नव्हती. ते तुम्हाला शेवटपर्यंत ओळखत राहिले असते.

गेलो की त्या आधी चहा टाकतात आणि मग वाचायला बसवतात. ह्या वेळी म्हणणार आहे, वहिनी, चहा नंतर द्या, वाचून झाल्यावर, तुम्हाला द्यावासा वाटला तर.